०६ने सुरू होणारा नंबर रीच रजिस्ट्रेशनचा नसतो

लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ, तळोजा, जिथे जिथे लहान केमिकल युनिटं आहेत आणि युरोपात माल पाठवायचा विचार चालू आहे, तिथल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. रीच रजिस्ट्रेशन, म्हणजे युरोपात केमिकल पाठवण्याआधी लागणारी नोंद, करून देतो म्हणून आमच्याकडून सव्वाएकोणीस लाख रुपये घेतले गेले आणि हातात ठेवला गेला एक चकचकीत कागद. पैसे गेलेच, शिवाय इटलीचं गिऱ्हाईक गेलं. ते गिऱ्हाईक मिळवायला आमच्या घरातल्या दोन पिढ्या झिजल्या होत्या.

आमचं युनिट लोटे-परशुराम एमआयडीसीत आहे. कापडाच्या रंगांना लागणारं एक इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचं रसायन, आम्ही करतो. प्लांट माझे मिस्टर आणि मोठे दीर बघतात, एक्सपोर्टचे कागद आणि हिशेब माझ्याकडे. इटलीच्या खरेदीदाराने आधी पाचशे किलोचा ट्रायल लॉट मागवला. एका आयातदाराकडून वर्षाला एक टनापेक्षा कमी माल आला तर त्या पदार्थाचं रजिस्ट्रेशन लागत नाही, म्हणून तो लॉट बिनबोभाट गेला. माल पसंत पडला. मग त्यांची मेल आली की आता कंटेनरने घेऊ, वर्षाला चार-पाच, पण रजिस्ट्रेशन तुमच्या बाजूने करा.

आधी नियम नीट सांगते, कारण त्यातली पोकळी ओळखूनच ही माणसं धंदा करतात. रीच हा युरोपियन युनियनचा २००६चा कायदा, लागू झाला १ जून २००७ला. एक टन किंवा त्याहून जास्त पदार्थ वर्षाला युरोपात बनवायचा किंवा आणायचा असेल तर हेलसिंकीच्या युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे, म्हणजे ईसीएचएकडे, त्याची नोंद झालेली असली पाहिजे. कायद्याने ही जबाबदारी तिकडच्या आयातदाराची आहे. पण युरोपाबाहेरच्या उत्पादकाला कलम ८ खाली तिथे आपला ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’ नेमता येतो. धंद्यात सगळे त्याला ओआर म्हणतात. ओआरने नोंद केली की आयातदार मोकळा होतो, आणि आपण तेवढ्या टनेजमध्ये कितीही गिऱ्हाइकांना विकू शकतो. म्हणून उत्पादकाने ओआरमार्फत नोंद करणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि आम्ही तोच धरला.

एका व्यापारी मेळाव्यात आमच्या दिरांना अंधेरीत ऑफिस असलेला एक कन्सल्टंट भेटला. मराठी माणूस, बोलायला गोड. मला पहिल्याच फोनवर म्हणाला, “वहिनी, तुम्ही फक्त सॅम्पल पाठवा, बाकी सगळं माझ्यावर सोडा.” युरोपातली एक कंपनी आपलीच आहे आणि तीच ओआर होईल, असं त्याने सांगितलं. पुढे असंही म्हणाला की ३१ मार्चनंतर विंडो बंद होणार, मग वर्षभर थांबावं लागेल.

अशी कुठलीही विंडो नाही. आधीपासून बाजारात असलेल्या पदार्थांसाठी ज्या मुदती होत्या त्या २०१०, २०१३ आणि २०१८च्या, आणि त्यातली शेवटची ३१ मे २०१८ला संपली. त्यानंतर नियम एवढाच आहे की एक टन ओलांडण्याआधी नोंद झालेली हवी. ती कोणत्याही महिन्यात करता येते. जो कन्सल्टंट तारखेची भीती घालतो त्याच्याकडून पुढचं काही ऐकू नका.

त्याने आमच्याकडून शंभर ग्रॅम सॅम्पल घेतलं, एनएमआर, आयआर, यूव्ही आणि एचपीएलसी या पदार्थ ओळखायच्या चाचण्यांचे रिपोर्ट करून घेतले, त्याचे वेगळे पैसे लावले. हे रिपोर्ट खरोखरच लागतात, आणि त्याची चलाखी इथेच होती. पहिली पायरी त्याने अगदी खरी केली. आज कुणालाही रजिस्ट्रेशन करायचं असेल तर आधी ईसीएचएकडे ‘इन्क्वायरी’ टाकावी लागते: हा आमचा पदार्थ, याची नोंद आधी कुणी केली आहे का. ईसीएचए पदार्थाची ओळख तपासते, एक इन्क्वायरी नंबर देते आणि आधीच्या नोंदणीदारांशी गाठ घालून देते. या कामासाठी ईसीएचए एक युरोसुद्धा घेत नाही. हा नंबर ०६ने सुरू होतो.

खरं काम आणि खरा खर्च यापुढे आहे. एका पदार्थाची नोंद सगळ्यांनी मिळून करायची असते, त्यामुळे ज्यांनी चाचण्यांचा खर्च आधी केला त्या लीड रजिस्ट्रंटकडून ‘लेटर ऑफ अॅक्सेस’ (एलओए), म्हणजे त्या चाचण्यांचा डेटा वापरायची परवानगी, विकत घ्यावं लागतं. मग आययूसीएलआयडी या सॉफ्टवेअरमध्ये डोसिए, म्हणजे नोंदणीची फाइल, तयार होतो, ईसीएचएच्या रीच-आयटी पोर्टलवर चढतो, ईसीएचए फीचं इन्व्हॉइस काढते, फी भरली आणि डोसिए पूर्ण असला की मग रजिस्ट्रेशन नंबर मिळतो. तो ०१ने सुरू होतो. बँकेत टोकन मिळालं म्हणजे कर्ज मंजूर झालं असं नव्हे. ०६ आणि ०१मधला फरक तेवढाच मोठा आहे.

आम्हाला जो कागद आला तो जाड आयव्हरी पेपरवर छापलेला होता. वर निळा झेंडा आणि बारा तारे, मध्ये ‘सर्टिफिकेट ऑफ रीच रजिस्ट्रेशन’, कोपऱ्यात सोनेरी होलोग्रॅम, खाली क्यूआर कोड. आमच्या कंपनीचं नाव, पदार्थाचं नाव, कॅस नंबर (पदार्थाचा ओळख क्रमांक), सगळं बरोबर. टनेज १० ते १००. रजिस्ट्रेशन नंबर म्हणून ०६ने सुरू होणारा तो इन्क्वायरी नंबर. आणि एक ओळ: व्हॅलिड फॉर वन इयर. क्यूआर कोड स्कॅन केला की त्या कन्सल्टंटचीच वेबसाइट उघडायची आणि त्यावर हिरव्या अक्षरांत ‘व्हेरिफाइड’ यायचं.

या कागदातली प्रत्येक गोष्ट तपासण्यासारखी आहे. ईसीएचए असलं सर्टिफिकेट देतच नाही. ती देते निर्णयाचं पत्र, आणि ते रीच-आयटीमध्ये ओआरच्या खात्यात येतं. रजिस्ट्रेशनला एक वर्षाची मुदत नसते, दरवर्षी नूतनीकरण नसतं. ओआर आपली वार्षिक फी घेतो ती त्याच्या कामाची, आणि ती रास्त आहे. पण त्याचा नोंदीच्या मुदतीशी संबंध नाही. प्रामाणिक ओआर खरेदीदारासाठी टनेज कव्हरेज सर्टिफिकेट देतो, म्हणजे एवढा माल या नोंदीत येतो असं लिहून देतो, तो व्यवहारातला उपयोगी कागद आहे, पण त्याच्यामागे ०१चा नंबर असला तरच.

पैसे कसे घेतले तेही सांगते. चाळीस टक्के आगाऊ, मग ‘एलओए आणि ईसीएचए फी’ म्हणून एकरकमी मोठा आकडा, त्याच्याच लेटरहेडवर, जीएसटी लावून. मी लीड रजिस्ट्रंटचं बिल मागितलं. उत्तर आलं, “वहिनी, ते गोपनीय असतं, तिकडे डेटा सिक्रेट असतो.” साफ खोटं. डेटा शेअरिंगचा खर्च न्याय्य, पारदर्शक आणि भेदभावरहित असावा असा तिथे नियम आहे, आणि कशाचे किती पैसे याची फोड मागायचा नोंदणी करणाऱ्याला हक्क आहे. ईसीएचएच्या फीचंही तसंच. तिचं इन्व्हॉइस स्वतः एजन्सी काढते आणि त्याची प्रत ओआर सहज देऊ शकतो. शिवाय लहान कंपन्यांना त्या फीत मोठी सवलत आहे, आणि ओआरमार्फत नोंद करताना आकार बघतात तो भारतातल्या उत्पादकाचा, ओआरचा नव्हे. पन्नासपेक्षा कमी माणसं आणि एक कोटी युरोपर्यंत उलाढाल असली की तुम्ही ‘स्मॉल’ मध्ये येता. मात्र जोडलेल्या दुसऱ्या कंपन्या असतील तर त्याही त्यात धरतात. आम्हाला लावलेला आकडा पूर्ण फीचा होता, आणि त्यातला एकही युरो हेलसिंकीला पोचला नाही.

सर्टिफिकेट खरेदीदाराच्या परचेस मॅनेजरला पाठवलं, त्याने ‘ओके’ कळवलं, कंटेनर न्हावा शेवाहून निघाला. जहाज पोचायच्या सुमारास त्यांच्या कंप्लायन्सच्या बाईंनी इटालियन भाषेतली सेफ्टी डेटा शीट (एसडीएस), म्हणजे मालाचा सुरक्षा माहितीचा कागद, तयार करायला घेतली. एसडीएसच्या पहिल्याच भागात पदार्थाच्या ओळखीपाशी रजिस्ट्रेशन नंबर लिहावा लागतो. त्यांनी नंबर बघितला आणि तिथेच थांबल्या. मला मेल आली ती दोन ओळींची: हा इन्क्वायरी नंबर आहे, रजिस्ट्रेशन नंबर पाठवा. मी कन्सल्टंटला फोन लावला. तो म्हणाला, युरोपात सुट्टी आहे, सोमवारी बघू. त्या सोमवारपासून त्याने फोन उचलला नाही.

माल जिनोआच्या बंदरात कस्टम्सच्या ताब्यात पडून राहिला. नोंद नसलेला माल सोडवून घेतला असता तर गुन्हा आयातदाराच्या माथी आला असता, म्हणून त्यांनी हात लावला नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही. कंटेनर परत आणावा लागला. जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, तिथलं डिमरेज (बंदरात पडून राहिल्याचा आकार), आणि दमटपणाने गोळे झालेला बॅगांतला माल परत ड्रायरमध्ये घालून वाळवायचा खर्च. खरेदीदाराने त्या हंगामासाठी दुसरा पुरवठादार धरला. नंतर बोलणं झालं तेव्हा ते सभ्यपणे वागले, पण ऑर्डर आली नाही. आमच्याकडे त्या ऑर्डरच्या भरवशावर तिसरी पाळी सुरू केली होती. ती बंद करताना ज्या मुलांना घरी पाठवावं लागलं, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्या माणसावर माझा खरा राग आहे तो यासाठी.

पोलिसांकडे गेलो. करारावर लिहिलं होतं, ‘रीच इन्क्वायरी व रजिस्ट्रेशनसाठी सल्ला व सहाय्य’. इन्क्वायरी केलेली आहे, सल्ला दिलेला आहे, मग हा दिवाणी वाद आहे, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. आमच्या वकिलांचा भर मात्र सर्टिफिकेटवर आहे, कारण तिथे इन्क्वायरी नंबराला रजिस्ट्रेशन नंबर म्हटलं आहे आणि ती लेखी लबाडी आहे. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी मूळ प्रत, पाकीट, क्यूआर कोड उघडल्यावर दिसलेल्या पानाचे स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. आमच्या बाबतीत ते पान नंतर काढून टाकलं गेलं, स्क्रीनशॉट होता म्हणून दाखवता आलं.

चौकशी करायला लागले तशी इतरांचीही हकिगत कळली. एका युनिटला ०५ने सुरू होणारा नंबर दिला होता. तो २००८च्या प्री-रजिस्ट्रेशनचा, जे फुकट होतं आणि ज्याला २०१९ अखेरनंतर काही किंमत उरलेली नाही. एका ट्रेडिंग फर्मला ओआर नेमून दिला होता, पण नुसता व्यापारी ओआर नेमूच शकत नाही. तो हक्क उत्पादकाचा, मिश्रण बनवणाऱ्याचा किंवा वस्तू तयार करणाऱ्याचा. कुणाचा ओआर लंडनचा होता. ब्रिटनचा स्वतःचा रीच १ जानेवारी २०२१पासून वेगळा झाला, तिथला ओआर युरोपियन युनियनसाठी चालत नाही. कोल्हापुरात चपलांच्या एका निर्यातदाराला तर ‘रीच रजिस्ट्रेशन’ साठी काही लाखांचं कोटेशन आलं होतं. चपलेला रजिस्ट्रेशन लागत नाही. तिच्या चामड्यात ‘क्रोमियम-६’ हा घातक प्रकार दर किलोला तीन मिलिग्रॅमच्या खाली हवा, बंदी असलेले अॅझो रंग नकोत, हे प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं, आणि तो खर्च त्या कोटेशनच्या जवळपासही जात नाही.

आता आमची नोंद दुसऱ्या ओआरमार्फत झाली आहे. या वेळी आम्ही पैसे टप्प्याटप्प्याने दिले: एलओएची रक्कम लीड रजिस्ट्रंटचं फोडीसहित बिल आल्यावर, ईसीएचएची फी एजन्सीच्या इन्व्हॉइसप्रमाणे, ओआरची उरलेली फी ०१चा नंबर आल्यावर. व्हिडिओ कॉलवर ओआरने रीच-आयटी उघडून आमच्या नावाचं निर्णयपत्र दाखवलं. ईसीएचएच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये पदार्थाच्या पानावर नोंदणीदारांची यादी असते. गोपनीय ठेवायला सांगितलं नसेल तर तिथे ओआरचं नाव दिसतं, ते मी स्वतः पाहिलं. आणि करारात एक कलम आग्रहाने घालून घेतलं: उद्या ओआर बदलायचा झाला तर जुना ओआर ठरलेल्या मुदतीत नोंद नव्याच्या नावे करून देईल, अडवणार नाही. हे कलम नसेल तर नोंद कागदोपत्री त्याच्या खात्यात अडकते, तो मागेल ते पैसे द्यावे लागतात किंवा सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हा सापळा फसवणूक न करणाऱ्या ओआरच्या करारातही असू शकतो, तेव्हा सही करण्याआधी बघा. शंका असेल तर मुंबईत केमेक्सिल आहे, निर्यातदारांचीच परिषद आहे, त्यांना विचारा.

गेल्या महिन्यात लोट्यातल्या दोन युनिटांना एका नव्या नावाच्या फर्मची मेल आली आहे. पत्ता वेगळा आहे, पण मोबाइल नंबर तोच. या वेळी तो ‘सीबीएएम सर्टिफिकेट’ विकतो आहे. सीबीएएम युरोपचा कार्बन कर आहे. त्यात आज लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन येतात, आमच्यासारखी ऑरगॅनिक केमिकल्स येत नाहीत. आणि ती सर्टिफिकेटं युरोपातल्या आयातदाराने तिकडच्या सरकारकडून विकत घ्यायची असतात, इथल्या कारखान्याने अंधेरीतून नव्हे. ज्यांना ही मेल आली आहे त्यांनी ती डिलीट न करता मला कळवा, तक्रारीला जोडायची आहे.