टेंडर भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये माझी सही

मी आयुष्यात कधी ब्लीचिंग पावडर, म्हणजे सरकारी भाषेत टीसीएल, विकलेली नाही. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या वर्कशॉपवर रजिस्टर पोस्टाने एका नगरपरिषदेची कारणे दाखवा नोटीस आली. 'टीसीएल पावडर पुरवठ्याच्या निविदेत आपला दर न्यूनतम ठरला असून स्वीकृतीपत्र देऊनही आपण सुरक्षा अनामत भरली नाही व करारनामा केला नाही, सबब आपली बयाणा रक्कम जप्त करून आपणास काळ्या यादीत का टाकण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' पत्ता आमचा, जीएसटी नंबर आमचा, नाव वडिलांनी ठेवलेलं. बायको हिशेब बघते, तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि मला एवढंच विचारलं, "तुम्ही पावडर कधीपासून विकायला लागला?"

आमचं फॅब्रिकेशन. कुपवाड एमआयडीसीत छोटी शेड, दोन वेल्डिंग सेट, पत्रा वाकवायचं मशीन, पाच माणसं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. सरकारी कामाचं खूळ डोक्यात कसं शिरलं तेही सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला एका गावात लग्नाला गेलो होतो. देवळासमोर लोखंडी बाकडी मांडलेली, पाठीवर '१५ वा वित्त आयोग' आणि ग्रामपंचायतीचं नाव. सवयीने बाकड्याचा पाइप बोटाने ठोकून बघितला. अठरा गेजचा, तोही वेल्डिंगपाशी गंजलेला. मनात म्हटलं, हे मी त्याहून जाड, सोळा गेजमध्ये करून देईन आणि पाच वर्षं हलणार नाही. पण हे काम मिळतं कुठे, कोणाला विचारायचं, याचा पत्ता नव्हता.

ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्याने माणूस सुचवला. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, बाहेर बोर्ड 'टेंडर सल्लागार, सर्व शासकीय नोंदणी'. माणूस बोलायला गोड. "काय टेन्शन घेऊ नका शेठ, तुम्ही फक्त माल बनवायचा. कागदाचं मी बघतो." उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलची नोंदणी मिळून त्याने सहा हजार घेतले. दोन्ही नोंदण्या सरकारी पोर्टलवर फुकट होतात, हे मला दीड वर्षाने कळलं. ते सहा हजार मी फसवणुकीत धरत नाही. माझ्या आळसाची फी होती ती.

मग डिजिटल सिग्नेचर, म्हणजे डीएससी, काढली. राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर निविदा भरायला क्लास थ्री डीएससी लागते, तिच्याशिवाय लॉगिनही होत नाही. आधार, पॅन दिलं, मोबाइलसमोर बसून नाव सांगत व्हिडिओ काढून घेतला. चार दिवसांनी पेन ड्राइव्हसारखं डोंगल आलं. माझ्या हातात ते आलं जेमतेम पाच मिनिटं. "हे इथंच असू द्या, रात्री अकराला टेंडर बंद होत असलं तर मी कुठे कुपवाडला पळू?" मला ते पटलं. पासवर्डही त्यानेच ठेवला. वर दहा कोरी लेटरहेड सही-शिक्का मारून मागितली, 'हमीपत्र लागतात, दर वेळी कशाला हेलपाटा.' तीही दिली.

त्या दिवशी त्याने डोंगल ठेवायला टेबलाचा ड्रॉवर उघडला, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. आत वीसेक डोंगल. प्रत्येकाला रबर बँडने गुंडाळलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर फर्मचं नाव आणि खाली पासवर्ड. सिमेंटवाले, झेरॉक्सवाले, नर्सरीवाले, एक बचत गटही. मला वाटलं, बघा किती लोकांचा विश्वास आहे या माणसावर!

पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्याने माझ्यासाठी चार टेंडरं भरली, किंवा भरली असं सांगितलं. बाकडी, कचऱ्याचे डबे, ढकलगाड्या. भरण्याची फी प्रत्येकी अडीच हजार. बयाणा रक्कम (ईएमडी, निविदेसोबत ठेवायची परतीची अनामत) वेगळी: २८ हजार, २१ हजार, ३२ हजार, १५ हजार. एकूण ९६ हजार. ही रक्कम मी त्याच्या खात्यावर टाकायचो आणि तो 'आपल्या खात्यातून ऑनलाइन भरतो, पटकन होतं' म्हणायचा. एकही काम लागलं नाही. कधी 'आपण एल टू (कमी दरात दुसरे) आलो शेठ, थोडक्यात गेलं', कधी 'टेक्निकलला उडवलं, त्यांचा माणूस ठरलेला होता'. ईएमडीचं विचारलं की उत्तर एकच, ऑफिसमध्ये अडकलीय, सरकारी काम आहे, येईल. मीही मान डोलवायचो, कारण सरकारी पैसा अडकतो हे लहानपणापासून ऐकलेलं. या एका समजुतीवर त्याचा धंदा चालला होता.

नोटीस आल्यावर आधी त्याला फोन केला. "क्लरिकल मिस्टेक आहे, मी बघतो." तीन दिवस तो बघत होता. चौथ्या दिवशी मी स्वतः नगरपरिषदेत गेलो. बारनिशीत अर्ज दिला, पोच घेतली आणि लेखा विभागातल्या एका बाईंसमोर बसलो. त्यांनी निविदेची फाइल काढली. त्यात माझ्या लेटरहेडवर, माझ्या शिक्क्याखाली लिहिलेलं होतं की आमची फर्म तीन वर्षं पाणीपुरवठा रसायनांचा व्यापार करते. सोबत एका ग्रामपंचायतीचं अनुभव प्रमाणपत्र. त्या गावाचं नावसुद्धा मी ऐकलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे जुने आहात की. हे तिसरं टेंडर तुमचं."

त्यांनीच मला पोर्टलवरचं एक पान दाखवलं, ते मी आधी बघितलं असतं तर ही वेळ आली नसती. महाटेंडर्सच्या पहिल्या पानावर निविदेची स्थिती बघायची सोय आहे. लॉगिन लागत नाही, डीएससी लागत नाही. निविदा उघडली की कोणी कोणी भरली आणि निकाल काय, हे कोणालाही दिसतं. त्या रात्री मी आणि बायको दोन वाजेपर्यंत बसलो. वेगवेगळ्या ऑफिसांची जुनी टेंडरं एकेक उघडत गेलो. आमच्या फर्मचं नाव सात ठिकाणी सापडलं. सीसीटीव्ही, वृक्षलागवड, झेरॉक्स मशीनची देखभाल, दोनदा टीसीएल पावडर. खरोखर आमच्या कामाची दोनच, बाकडी आणि डबे. म्हणजे ज्या चार टेंडरांचे पैसे घेतले, त्यातली दोन त्याने भरलीच नव्हती.

मग गणित उलगडलं. पहिल्या वेळी किमान तीन निविदा आल्या नाहीत तर ऑफिसला मुदतवाढ द्यावी लागते. ज्याला काम घ्यायचं आहे त्याला सोबत दोन 'सपोर्ट', म्हणजे नावापुरते भरणारे, लागतात. त्यांचे दर मुद्दाम चढे लावायचे, म्हणजे आपला माणूस आपोआप खाली राहतो. त्यासाठी तो ड्रॉवर. स्पर्धा कायदा, २००२ मध्ये निविदेतली अशी संगनमताची बोली बेकायदा आहे, पण बाजारात तिला 'मदत करणं' म्हणतात आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. टीसीएलच्या त्या टेंडरात मात्र त्याच्या ऑफिसातल्या पोरानं गडबड केली. दर भरायच्या एक्सेल शीटमध्ये (बीओक्यू) किलोला ५४ टाकायचे ते बहुतेक ४५ टाकले, आणि सपोर्टला उभा केलेला मी एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, झालो. त्या दरात पावडर द्यायची कोणाची तयारी नव्हती. बयाणा जप्त होणार होती ती त्यांची. काळी यादी मात्र माझी.

खुलाशाच्या सुनावणीला मी वकील न घेता गेलो, ती चूक झाली. मुख्याधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सही तुमची आहे की नाही?" सही माझीच होती. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये लिहिलंय की सहीची डिजिटल किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र त्याची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवायचं. मी कोऱ्या चेकबुकवर सह्या करून ते अनोळखी माणसाच्या टेबलात ठेवलं होतं आणि दीड वर्ष विचारलंही नव्हतं. पोलिसांत दिलेल्या तक्रार अर्जाची प्रत जोडली, म्हणून थोडक्यात सुटलो. त्या एका नगरपरिषदेत वर्षभर बंदी. ऑफिसमधल्या कोणाचा हात होता का, ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

ईएमडीचा उलगडा त्याहून साधा निघाला. लेखा विभागातल्या त्याच बाई म्हणाल्या, "रक्कम ज्या खात्यातून येते, परतावा त्याच खात्यात जातो. तुमच्या बाकड्यांच्या टेंडरचा मार्चमध्येच गेलाय." माझी रक्कम त्याच्या खात्यातून गेली होती, म्हणून त्याच्याच खात्यात परत आली, वेळेवर, कुठेही न अडकता. जी दोन टेंडरं भरलीच नाहीत, त्यांची रक्कम तर त्याच्या खात्यातून हललीही नव्हती. आणि डब्यांच्या निविदेच्या अटी मी पहिल्यांदा स्वतः वाचल्या, तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, सूक्ष्म व लघु उद्योगांना उद्यम प्रमाणपत्रावर बयाणा रकमेतून सूट. ते २१ हजार भरायची गरजच नव्हती. सगळ्या टेंडरांत ही सूट असतेच असं नाही, पण अटी बऱ्याचदा मराठीत असतात आणि चाळीस पानं वाचायला एक दुपार पुरते.

डोंगल परत मागायला गेलो तेव्हा तो जागेवर नव्हता. पोराने ड्रॉवर उघडला, चिठ्ठ्या चाळल्या आणि मला भलत्याच कुणाचं तरी डोंगल काढून दिलं. चिठ्ठीवर नर्सरीचं नाव. मी म्हटलं, हे माझं नाही. तो म्हणाला, "हां काका, सॉरी." इतक्या सहज! नर्सरीवाल्याचा नंबर पोर्टलवरच्या कागदांतून शोधून मी त्याला फोन केला. त्याला वाटलं मीच काहीतरी विकतोय, त्याने ठेवून दिला.

माझी जुनी डीएससी रद्द करून घेतली. नवी काढली ती पाकिटातच असते. महाटेंडर्सवर लॉगिन म्हणजे ई-मेल पत्ता असतो, आणि माझ्या फर्मचं लॉगिन त्याच्या जीमेलवर होतं. निविदा भरल्याचे, उघडल्याचे सगळे मेल त्याच्याकडे जात होते. तो पत्ता बदलायला फोन, अर्ज, पॅनची प्रत असं करत तीन आठवडे गेले. तुमचीही डीएससी कोणाकडे 'सोयीसाठी' ठेवलेली असेल, तर आज रात्री एवढंच बघा: लॉगिनला मेल कोणाचा आहे, मोबाइल नंबर कोणाचा आहे, आणि ज्या ऑफिसांत तुम्ही कधी गेलाच नाही तिथल्या निकालात तुमचं नाव आहे का.

९६ हजारांपैकी पोलिसांचा फोन गेल्यावर ४० हजार आले, दोन हप्त्यांत. उरलेल्यांसाठी दर महिन्याला 'पुढच्या आठवड्यात शेठ'. ऑफिस अजून सुरू आहे, बोर्ड नवा केलाय.

मी आता स्वतः भरतो. पहिल्यांदा कागद चढवायला अख्खा रविवार गेला, दुसऱ्यांदा तीन तास. मध्यंतरी एका ग्रामपंचायतीला दरपत्रकावर बारा बाकडी दिली, सोळा गेजची. खरेदी लहान असली की ई-निविदा लागत नाही, दरपत्रकं मागवतात, आणि ती मागवतात हे कळायला ग्रामसेवकाला भेटून आपल्या मालाची माहिती देऊन यावं लागतं, एवढंच. पुरवठा आदेशावर जावक क्रमांक आणि ठरावाचा क्रमांक आधी बघितला, माल उतरवल्यावर साठा नोंदवहीत नोंद होईपर्यंत टेम्पो हलू दिला नाही. क्लार्क हसत होता.

बिल मात्र लटकलंय. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत, आज ७१ वा दिवस आहे. थकलेल्या बिलाची तक्रार सरकारी पोर्टलवर टाकता येते, फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. ग्रामसेवक म्हणतात सरपंचांची डीएससी संपलीय, नवी आली की पेमेंट करतो. मी विचारलं, आधीची कुठे असायची? म्हणाले, ऑपरेटरकडे.