जोत्यावर उभं राहून घर बघताना: होलोलेन्स २ आणि क्वेस्ट ३

रत्नागिरीत मी घरांचे आराखडे करते. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईकर, पण घरात राहणार असते गावची आई, आणि तिला कागदावरचा प्लॅन उमगत नाही. जोत्यावरच उभं करून तिला घर दाखवता यावं म्हणून हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की समोरच्या खऱ्या जागेवर घराचं चित्र दाखवणारं यंत्र, घ्यायचा होता. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ मित्राच्या ऑफिसातून आठवडाभर मिळाला, मेटाचा क्वेस्ट ३ भाच्याकडून. मालगुंडच्या साइटवर दोन्ही लावून पाहिले.

होलोलेन्सची काच आरपार असते आणि चित्र तिच्यावर उजेडाने उमटतं. त्यामुळे काळा रंग दिसतच नाही. माझे गडद सागवानी वासे धुक्यासारखे झाले, अकराच्या उन्हात तर सगळं घरच पुसट. चित्राची चौकट तिरकी मोजून ५२ अंश, म्हणजे ओटी बघावी तर पडवी कापली जाते. क्वेस्ट बाहेरचं जग कॅमेऱ्यांतून दाखवतो, आडवा आवाका ११० अंशांचा. तो मुळात घरात वापरायचा, म्हणून वर ताडपत्री बांधली. वासे भरीव दिसले. भिंतीवरच्या खुणा कॅमेऱ्यांनी धरल्या की चित्र जागी राहतं, म्हणून चिऱ्याच्या खडबडीत भिंतीमुळे ते हललं नाही. दुसऱ्या एका घरी, कोऱ्या गिलाव्यासमोर, ते वीतभर सरकलं होतं.

मालगुंडच्या गिऱ्हाइकाच्या आईने, काकूंनी, क्वेस्ट डोळ्यांवर चढवला, माजघरातून मागे गेल्या आणि म्हणाल्या, "अगो, मागल्या दारी दोण कुठे ठेवायची?" तीन महिने प्लॅन बघूनही हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता! मी तिथेच क्वेस्ट घ्यायचं ठरवलं.

किमतीतही फरक मोठा: होलोलेन्स २०१९ मध्ये ३५०० डॉलरला आला, २०२४ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं. क्वेस्ट २०२३ मध्ये ४९९ डॉलरला आला.

तरी एका बाबतीत होलोलेन्सच खरा. बॅटरी संपली तरी समोरचं दिसत राहतं, आणि काच वर करून गवंड्याशी नीट बोलता येतं. क्वेस्ट बंद पडला की डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. कठडा नसलेल्या स्लॅबवर किंवा विहिरीजवळ तो मी कुणालाही घालू देत नाही. यंत्रावर हात चालवत काम करणाऱ्यानेही आरपार काचेचाच बघावा. वजनाचंही तसंच. होलोलेन्स ५६६ ग्रॅम, क्वेस्ट ५१५, पण होलोलेन्सची बॅटरी मागे असल्याने तो तोलात बसतो. क्वेस्टचा भार गालांवर येतो, घामाने गादी भिजते.

क्वेस्टची भिंगं उन्हाकडे करून ठेवू नका, आतला पडदा जळतो. पावसाळ्यात मी तो कॅमेऱ्यासारखाच, सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.