मालिक सिदीबेंचं फोटोबुक : महिनोन्‌महिने चाळल्यावर

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे छायाचित्रकार मालिक सिदीबे यांचं हे पुस्तक महाग आहे, हे आधीच सांगतो. कागद जाड, छपाई झकास; काळ्या कोटावरची घडीसुद्धा वेगळी दिसते. पण काही आडवे फोटो दोन पानांवर पसरलेत आणि नाचणाऱ्याचा चेहरा नेमका मधल्या शिवणीत गडप होतो. एवढे पैसे घेऊन हे चालणार नाही. मधली काही पानंही आता सुटायला लागलीत.

तरी ते अजून कपाटात गेलेलं नाही. सुरुवातीला मी फक्त नाचच पाहत होतो. १९६३ च्या नाताळच्या रात्रीची ती प्रसिद्ध जोडी : मुलगी अनवाणी, दोघांची डोकी एकमेकांकडे झुकलेली. माली १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला होता आणि राजधानी बमाकोतली पोरं आपापले क्लब काढून पार्ट्या करत होती. सिदीबे सायकलवरून एकाच रात्री अनेक पार्ट्या गाठत. परत आले की फिल्म धुवायची, छोटे प्रिंट पुठ्ठ्यावर लावायचे. मग पोरं बमाकोच्या बागादाजी भागातल्या त्यांच्या स्टुडिओत येऊन आपले फोटो शोधत.

अमेरिकन गायक जेम्स ब्राउन मला या फोटोंत उशिरा दिसला. दोन मुली त्याची एलपी (गाण्यांची तबकडी) दोघींच्या मधे धरून उभ्या आहेत, नव्या साडीचा पदर दाखवावा तशा ऐटीत. तेव्हापासून त्याची गाणी लावूनच पुस्तक उघडतो. कंबर, खांदे, बेलबॉटम, सगळ्याला एकदम ठेका येतो.

बमाकोत वाढलेले अभ्यासक मांथिया दियावारा म्हणतात की जेम्स ब्राउनमुळे या पोरांना अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आणि गुलामगिरीच्या आधीच्या आफ्रिकेशीही नातं सापडलं. पहिला भाग फोटोंत दिसतो. दुसरा मला अजून थोडा ताणलेला वाटतो. शिवाय साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या फोटोंत ट्विस्ट नाचाचं राज्य आहे, क्यूबाचं संगीत होतं, क्लबांना फ्रेंच आणि इंग्लिश बँडची नावं होती. सगळं श्रेय एकट्या ब्राउनला देणं बरोबर नाही. पण उभं राहण्यातली ती बेदरकारी? ती त्याचीच. मालीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइतांच्या समाजवादी सरकारला हे तोकडे स्कर्ट आणि परदेशी थेर पसंत नव्हते, म्हणून ती आणखी डोळ्यांत भरते.

यातलं काहीच पुस्तकातल्या ओळींतून कळत नाही. फोटोखाली नाव, साल, बस. २००७ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळवणारे सिदीबे पहिले छायाचित्रकार. त्यांच्या कामाला एवढी कंजुषी शोभत नाही.

हळदी-संगीताचे फोटो काढणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावं. समोरून थेट फ्लॅश मारूनही नाच गोठत नाही, तो कसा, हे मी अजून पाहतोय. विकत घेताना शिवण तपासा.