कोंबडीचं मशीन, धामणीची अंडी आणि तो बझर: तीन महिन्यांनंतर

या मशीनचा अभिप्राय पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर एकच शब्द लिहिला असता, आणि तो इथे चालला नसता. म्हणून थांबलो.

कोंबडीची अंडी उबवायचं, छप्पन अंड्यांचं थर्माकोलचं मशीन, ४,३०० रुपयांना घेतलेलं. मी सर्पमित्र. मेच्या मध्यावर विहिरीच्या गाळाचा जुना ढीग उचलताना जेसीबीने धामणीची अकरा अंडी उघडी पाडली. परत ठेवायला जागाच उरली नव्हती. वनरक्षकांना फोन केला, नोंद झाली, मग अंडी माझ्याकडे आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडीसुद्धा येतात, त्यामुळे हौस म्हणून कुणी हे करू नका.

मशीनची मोठी जाहिरात म्हणजे अंडी आपोआप फिरवणारा ट्रे. तो पहिल्याच दिवशी माळ्यावर गेला. कोंबडी अंडी उलटवते, धामण नाही. सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं की तो दगावू शकतो. म्हणून ढिगातून उचलतानाच प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारली होती. एकमेकांना चिकटलेली चार तशीच ठेवली. नर्सरीतलं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), वजनास वजन पाणी, झाकणाला भोकं पाडलेला डबा, आणि तो डबा मशीनमध्ये.

आता बझर. कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ अंश लागतात, मी धामणीला २९ च्या आसपास ठेवतो. २९ लावता येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ३६ च्या खाली गेलं की मशीनला वाटतं अंडी गारठली, आणि ते कोकलायला लागतं. चीं-चीं-चीं. रात्री दोनलाही. कापूस कोंबला, चिकटपट्टी लावली, वर उशी ठेवली. आई म्हणाली, "साप परवडला, हे नको."

कस्टमर केअरला फोन लावला.

"अंडी गावरान की कडकनाथ, सर?"

"धामणीची."

बराच वेळ शांतता. मग, "सर, ती व्हरायटी आमच्या लिस्टला नाही."

नवव्या दिवशी बझरची वायर कापली. तेव्हा कळलं, मशीन उघडलं की वॉरंटी संपली.

बरं, मे महिन्यात हीटर एकदाही लागला नाही. खोलीतच ३५. गोठवलेली पाण्याची बाटली अंड्यांपासून लांब, कोपऱ्यात ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ बदलायची. थोडक्यात, ४,३०० रुपयांचा बर्फाचा डबा. पण इथेच माझं मत फिरलं. तीन तास लाइट गेली तरी आतलं तापमान अर्ध्याच अंशाने हललं. थर्माकोल खरंच जाड आहे. मशीनला दोन तारे, खोक्याला पाच.

जूनअखेर पुतणी आली, अकरावीत आहे. तिने 'सेट'चं बटण पाच सेकंद दाबून धरलं आणि पडद्यावर 'एएल' आलं. अलार्मची खालची मर्यादा! हवी तेवढी उतरवता येते. माहितीपत्रकात याचा एक शब्द नाही, कोंबडीच्या लसीकरणावर मात्र अख्खं पान आहे. म्हणजे वायर कापायची गरजच नव्हती.

आणि गंमत बघा. जुलैत एका रात्री तापमानाचा सेन्सर भोकातून निसटून मशीनबाहेर लोंबला. पावसाळी खोलीत २५, म्हणून हीटर चालूच राहिला. सकाळी डब्यातला साधा थर्मामीटर ३३ दाखवत होता. बझर असता तर ओरडला असता.

नशीब, निभावलं. दोन अंडी आधीच पिवळी पडून बुरसटली होती, त्यांचं खापर त्या रात्रीवर फोडता येत नाही. बाकीच्यांना शेवटच्या आठवड्यात खळगे पडले तेव्हा पोटात गोळा आला, पण ते तसंच असतं. बासष्टाव्या दिवशी पहाटे एका अंड्यावर ब्लेडने मारावी तशी चीर होती. चिरेतून आधी पातळ चिकट थेंब आला, मग नाक, मग जीभ. ते पिल्लू दीड दिवस नुसतं डोकं बाहेर काढून बसलं होतं. उरलेला बलक आत शोषला जाईपर्यंत त्याला ओढायचं नाही. नऊ निघाली, सव्वा-सव्वा फुटाची. वनरक्षकांसोबत ओढ्याकाठी सोडली.

आता शेजारच्या काकूंना गावरान अंड्यांसाठी मशीन हवंय. देतो म्हणालोय, फक्त त्यांना बझर लागेल. पंधरा रुपयांचा मिळतो म्हणे, शनिवारी बाजारात बघतो.