मानकुराद म्हणून बाठ्याची रोपं: ४,१०० रुपयांना चुना

मानकुराद या गोव्यातल्या आंब्याची चार 'कलमं', प्रत्येकी ४५० रुपये, म्हणजे १,८००. मिरीच्या दहा वेली ७० रुपयांनी ७००. जांभ्यात चार खड्डे मारायची मजुरी १,६००. मे अखेरीस, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, गडबडीत, रस्त्याकडेच्या टेम्पोवरून घेतलेला माल.

हसू नका. पानं टवटवीत, पट्टी नीट बांधलेली, भाव रोपवाटिकेएवढाच. स्वस्त असतं तर संशय तरी आला असता! पण एका वाक्याला कान टवकारायला हवे होते: "पट्टी सोडू नका, हवा लागली की कलम मरतं." सांधा, म्हणजे रोपाच्या खोडाला चांगल्या जातीची काडी जोडलेली जागा, जुळला की पट्टी सोडावीच लागते, नाहीतर ती खोडाला आवळते. हे ठाऊक असून मान डोलावली. सप्टेंबरात सोडली, तर आत खोड वरपासून खालपर्यंत गुळगुळीत. खऱ्या कलमाला पाचरीची खूण असते, सांध्याच्या वर-खाली सालीत आणि जाडीत फरक दिसतो. इथे बाठ्याच्या, म्हणजे कोयीतून उगवलेल्या, रोपाला नुसतं प्लास्टिक गुंडाळलेलं. कलम तीन-चार वर्षांत फळ धरतं. हे सात-आठ वर्षं ताटकळत ठेवणार आणि फळ मानकुरादसारखं येईलच असं नाही. पट्टी विकणाऱ्यालाच सोडायला लावा. कां-कूं केली तर चालू पडा.

मिरीत तर पिशवीतच घोस लटकत होते, त्यालाच भुललो. घोस धरणाऱ्या आडव्या फांदीचं छाट लावलं की झुडूप होतं, ते पोफळीवर चढत नाही. चढणारी वेल हवी तर जमिनीवर धावणाऱ्या फुटव्याचं छाट मागा.

पोलीस म्हणाले, रोपं मिळाली ना, मग फसवणूक कसली? कृषी कार्यालय म्हणालं, विक्रेता नोंदणीकृत नाही, आमचा संबंध नाही. अहो, नोंदणी नाही हीच तर तक्रार! सायबर हेल्पलाइन १९३० वर, हा सायबर गुन्हा नव्हे. बँकेत, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पहिला प्रश्न, बिल आहे का? नाही. टेम्पोवाला बिल देतो होय? जागोजागी तोच अर्ज, दरवेळी झेरॉक्स. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या, गाडीच्या नंबराचा फोटो काढा.

बाठे उपटणार नाही. पुढच्या पावसाळ्यात कोवळ्या फुटीवर खात्रीच्या मानकुरादची पेन्सिलएवढी काडी पाचर मारून बांधायची. काडीची पानं आठवडाभर आधी, देठ ठेवून, छाटायची. मिरी कुंडीत हलवली आहे.