फिक्सेटिव्ह मारला आणि आजीचे केस काळे झाले (3 स्टार)

सॉफ्ट पेस्टलवाल्यांसाठी लिहितेय, ऑइल पेस्टलवाल्यांचं दुखणं वेगळं. ऑनलाइन मागवला होता हा फिक्सेटिव्ह, म्हणजे पेस्टलची भुकटी कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय की रंग जराही बदलत नाही. आजीचं पोर्ट्रेट केलं होतं करड्या कागदावर, तीन रविवार गेले त्यात, आणि शेवटी केसांवर पांढऱ्या कांडीचे चार-पाच फटके मारले तेच सगळ्यात भारी जमलेले. गॅलरीत नेऊन फुस्स केलं, पाच मिनिटांनी बघते तर पांढरा जवळजवळ गायब, खालचा करडा वर आलेला. आजी म्हणते, "अगं, मला कलप कधी लावलास?"

पेस्टल म्हणजे कागदाला धरून बसलेली नुसती भुकटी, कणांच्या मधे हवा असते म्हणून ते इतकं उजळ दिसतं, स्प्रेने त्या फटी भरल्या की रंग गडद होणारच आणि फिक्या रंगांचा बळी आधी. थोडाफार फरक कुठल्याही स्प्रेने पडतो हे मान्य, पण मग "जराही नाही" असं छापता कशाला? बरं एवढं करून बोट फिरवलं तर बोट रंगतंच, फक्त आधीपेक्षा कमी.

नोझल मात्र मस्त आहे, थेंब पडत नाहीत, फूटभर अंतरावरून बारीक धुकं येतं. वास डोक्यात जातो, खिडक्या उघड्या ठेवा.

आता मी हा फक्त मधल्या थरांना वापरते, हलका हात मारायचा, वाळू द्यायचा, मग वर परत रंग छान धरतो. पेस्टलसाठी प्रसिद्ध असलेला फ्रेंच चित्रकार देगासुद्धा थरांच्या मधे फिक्सेटिव्ह मारायचा म्हणे, मग आपण कोण. शेवटच्या थरावर स्प्रे मारायचाच नाही. चित्र उभं धरून मागून टिचक्या मारल्या की सुटी भुकटी खाली पडते, मग वर ग्लासीन पेपर म्हणजे गुळगुळीत पातळ कागद (नाही मिळाला तर बटर पेपर), मागच्या बाजूला टेपने पक्का, कारण कागद सरकला की पुसलंच समजा.

आणि फ्रेमवाल्याला बजावून सांगा की काच चित्राला टेकता कामा नये, मधे जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. ॲक्रिलिक शीट स्वस्त आणि हलकी म्हणून गळ्यात मारतात, घेऊ नका, स्टॅटिकने (स्थिर विजेने) भुकटी ओढून घेते. साधी काचच.

आजीचे केस परत पांढरे केलेत, आता त्या बाजूला डबा फिरकू देत नाही.