मेलवर सही करायची तर: ओपनपीजीपी की एस-माइम?

देवगड-रत्नागिरीहून आंबा बाहेर पाठवणारे, तारकर्लीला होमस्टे चालवणारे, वेंगुर्ल्याचे काजूवाले असे बरेच जण हल्ली विचारतात, की मेलवर डिजिटल सही करायची तर कशाने करावी. विचारण्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गिऱ्हाइकाला मेल जातो, "आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका." खाली आपलं नाव, आपलाच लोगो, आणि मेल आपण पाठवलेलाच नसतो. माल पोचतो, पैसे भलत्याच्या खात्यात जातात. आंब्याच्या धंद्यात वर्षाची कमाई दोन-अडीच महिन्यांत पदरात पाडून घ्यायची असते. त्यात एवढा एक इन्व्हॉइस बुडाला, तर पुढच्या मोहराच्या फवारणीला हात आखडता घ्यावा लागतो.

अशा छोट्या व्यवसायांचे संगणक आणि मेल सांभाळणं हे माझं काम. सही करायचे दोन मार्ग आहेत: ओपनपीजीपी, ज्यात किल्ली आपली आपण बनवायची, आणि एस-माइम, ज्यात ती किल्ली आपली असल्याचं सर्टिफिकेट एखादी संस्था देते. दोन्ही प्रकारच्या सह्या मी स्वतः वापरल्या आहेत आणि सध्या माझ्या मेलवर एस-माइमची सही जाते, हे आधीच सांगितलेलं बरं. सही म्हणजे मेल आपणच पाठवला आणि वाटेत बदलला नाही याची खूण, एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूप. दोन्हींना किल्ल्यांची, म्हणजे गुप्त संकेतांची, जोडी लागते: खासगी किल्ली आपल्यापाशी ठेवायची, सार्वजनिक किल्ली सगळ्यांना द्यायची. गणिताच्या बळकटीत दोन्हींमध्ये डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. प्रश्न रोजच्या वापराचा आहे.

त्याआधी सहीकडून काय अपेक्षा ठेवायची, ते पाहू. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, मनिलाहून निघून जगभर पसरला. तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना खऱ्या मालकाच्या खऱ्या खात्यातून मेल धाडत असे. जोडलेल्या फाइलच्या नावात 'टीएक्सटी' (साधा मजकूर) दिसे आणि त्यामागचं 'व्हीबीएस' (उघडताच चालणारा प्रोग्राम) विंडोज लपवून ठेवी, म्हणून लोक बिनधास्त उघडत. पुढे क्लेझ आणि २००४च्या जानेवारीतला मायडूम आले. त्यांनी वेगळीच चाल केली. मशीन एकाचं बाधित, आणि 'प्रेषक' म्हणून पत्ता टाकायचा तिसऱ्याचाच. ज्याचा काही संबंध नाही त्याला लोक फोन करून सुनवायचे, की तुझ्याकडून व्हायरस आला. या दुसऱ्या प्रकारात सही हमखास उपयोगी पडते, कारण वर्मकडे तुमची किल्ली नसते. पहिल्या प्रकारात मात्र किल्ली त्याच मशीनवर उघडी पडलेली असेल, तर सहीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दोन्हींपैकी काहीही निवडा, थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचा प्रायमरी पासवर्ड, म्हणजे आत साठवलेल्या किल्ल्यांवरचं कुलूप, लावा. तो लावला नाही, तर त्या मशीनवर बसणारा कोणीही तुमच्या नावाने सही करू शकतो. आणि विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी घ्या. वॉनाक्राय हा वर्म १२ मे २०१७ला पसरला, त्याची भगदाडं बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता. ते काम कुठलीही सही करून देत नाही.

आता मूळ मुद्दा. मला ओपनपीजीपी मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. फिल झिमरमन यांनी १९९१मध्ये पीजीपी लोकांच्या हाती दिलं, त्यातून हे मानक आलं. कोणापुढे अर्ज नाही, फी नाही, आपली किल्ली आपण घरी बसून करायची. २०२०च्या थंडरबर्ड ७८पासून तर त्यासाठी एनिगमेल हे वेगळं जोड-सॉफ्टवेअर बसवायचीही गरज उरली नाही. सुरुवातीला माझी सही त्याचीच होती.

मग फोन सुरू झाले.

थंडरबर्डमधून ओपनपीजीपीची सही करून मेल पाठवला, की ज्याचा प्रोग्राम ती ओळखत नाही त्याला खाली एक जोडलेली फाइल दिसते. नाव 'ओपनपीजीपी अंडरस्कोर सिग्नेचर', शेवटी 'डॉट एएससी'. मूळ सेटिंग तसंच असेल तर सोबत आणखी एक फाइल जाते, सार्वजनिक किल्लीची. तिच्या नावात 'शून्य एक्स' आणि पुढे आकडे-अक्षरांची माळ. मी पाठवलेली इन्व्हॉइसची पीडीएफ या दोघींच्या मध्ये. देवगडच्या एका बागायतदार काकांचा संध्याकाळी फोन, "अरे, ह्यां काय धाडलंस? फाईल उघडत नाय." त्यांना समजावून होईपर्यंत दुबईच्या एका व्यापाऱ्याच्या अकाउंट्समधून निरोप, की अनोळखी फाइल असलेले मेल आमच्याकडे अडवले जातात, त्या काढून पुन्हा पाठवा. होमस्टेच्या पाहुण्यांनी तर सरळ विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय का?

यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. अनोळखी शेपटाची फाइल आली तर हात लावू नका, आधी फोन करून विचारा, हे आम्हीच इतकी वर्षं लोकांच्या गळी उतरवत आलो. 'आय लव्ह यू'चा सगळा धडा तोच होता. ती सवय मोठ्या मुश्किलीने लागलेली असताना मी प्रत्येक मेलबरोबर नेमकी तशीच फाइल पाठवायची आणि वर सांगायचं, की माझी असेल तर घाबरू नका! उद्या कोणी भामट्याने त्याच नावाची फाइल जोडून पाठवली, तर माझ्या सांगण्यावर विसंबून लोक तीही उघडतील. सुरक्षेसाठी केलेली गोष्ट लोकांची चांगली सवय मोडायला लावत असेल, तर ती मला नको. ओपनपीजीपीपासून मी दूर झालो तो एवढ्या एकाच कारणाने, आणि कोणाला हे कारण क्षुल्लक वाटलं तर ते मी समजू शकतो.

एस-माइमची सही आउटलुक, ॲपलचा मेल आणि थंडरबर्ड हे तिघेही वेगळं काही न बसवता ओळखतात. डेस्कटॉपच्या आउटलुकमध्ये सही असल्याची खूण म्हणून लाल फीत दिसते, जोडलेली फाइल म्हणून काही लटकत नाही. घेणाऱ्याने काही शिकायचं नसतं, कोणाची किल्ली शोधून आणायची नसते. माझ्या अनुभवात परदेशी खरेदीदारांच्या अकाउंट्स विभागात आउटलुकच जास्त भेटतं, म्हणून हा फरक मोठा ठरला. अर्थात जो प्रोग्राम ओळखत नाही तिथे एस-माइमचीही 'पी७एस' शेपटाची फाइल दिसतेच, त्यामुळे शंकेचे फोन अगदी थांबले असं म्हणणार नाही. कमी मात्र नक्की झाले, आणि जे येतात ते बहुतेक गावातलेच, ज्यांना चहा घेता घेता सांगता येतं.

एक तक्रार दोन्हींच्या वाट्याला सारखीच येते. एका पॅकहाऊसमधले सगळे मेल 'सही जुळत नाही' अशा शेऱ्यानिशी पोचत होते. तिथला अँटिव्हायरस बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी 'हा मेल तपासला आहे' अशी ओळ आपणहून घालत होता. सही केल्यानंतर मजकुरात एक अक्षर जरी वाढलं तरी ती मोडते. तो पर्याय बंद केला आणि काम झालं. तुमच्याकडे असं दिसलं तर पहिल्यांदा तिथे बघा.

"आमच्याकडे डीएससी आहेच की, जीएसटीसाठी घेतलेली. तीच मेलला चालेल ना?" हा प्रश्न ठरलेला. डीएससी म्हणजे सरकारी कामांसाठी घेतलेलं डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, ते टोकनवर म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर असतं. त्या सर्टिफिकेटवर तुमचा ईमेल पत्ता नोंदवलेला असेल, तर तांत्रिकदृष्ट्या तेही एस-माइमच आहे आणि टोकनला पिन असल्यामुळे वर्मला ते सहज वापरता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या नजरेत त्या सहीचं वजनही वेगळं. पण अडचण भारताच्या सीसीएच्या, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाच्या, मूळ सर्टिफिकेटची आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या भरवशाच्या संस्थांच्या यादीत आहे, थंडरबर्ड वापरतं त्या मोझिलाच्या यादीत नाही, ॲपलच्याही नाही. म्हणजे विंडोजवर आउटलुक उघडणाऱ्याला सही ठीक दिसेल, आणि थंडरबर्डवाल्याला किंवा आयफोनवाल्याला त्याच मेलवर 'विश्वासार्ह नाही' असा शेरा. गिऱ्हाइकाला धीर देण्यासाठी केलेल्या सहीने उलट शंका यायची. मेलसाठी म्हणून मी वेगळं सर्टिफिकेट घ्यायला सांगतो, ज्याची मूळ संस्था सगळीकडच्या यादीत आहे असं.

डीएससीच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे ते टोकन मालकाजवळ नसतंच. सीएंच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवलेली टोकनं, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवरच पिन, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सीए आपल्या घरोब्याचे असतात, त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही. पण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी तुमची सही पडलेली आहे. किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घ्या, असं त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं. मेलवर सही करा अगर करू नका, ते टोकन आजच घरी आणा आणि पिन बदला. रिटर्न भरताना अर्धा तास सीएंच्या समोर बसावं लागेल, एवढंच.

किल्ली हरवली तर काय, हाही विचार इथे करावाच लागतो. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली, त्यात संगणक गेले, त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्क गेल्या. त्याआधी जून २०२०मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडे वीज आणि नेटवर्क कितीतरी दिवस बंद पाडलं. ओपनपीजीपीची किल्ली अशी गेली आणि रद्द करण्याचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवलेलं नसलं, तर ती जुनी किल्ली तशीच फिरत राहते. नवी केली की प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा पटवून द्यायचं, की हा नवा ठसाही, म्हणजे किल्लीची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची माळही, माझीच. एस-माइममध्ये संस्थेकडून जुनं रद्द करून नवं घ्यायचं, समोरच्याला काही करावं लागत नाही. सहीपुरतं बोलायचं तर हा भाग मला फार सुटसुटीत वाटला. कोणी एन्क्रिप्शनही करत असेल, तर जुनी किल्ली जपावीच लागते, नाहीतर जुने मेल उघडायचे नाहीत.

एस-माइमचीही दुखणी आहेत. सर्टिफिकेटला मुदत असते, ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा ती फाइल प्रत्येक मशीनवर चढवणं, आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा पैसे. स्वस्तातल्या सर्टिफिकेटात संस्था फक्त तो मेलबॉक्स तुमचा आहे ना, एवढंच तपासते, माणूस कोण ते नाही. म्हणजे आपल्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करून कोणी पत्ता काढला, तर त्या पत्त्यालाही त्याला रीतसर सर्टिफिकेट मिळेल आणि लाल फीतही दिसेल. गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवावं लागतं: फीत बघा, पण पत्ता अक्षर अक्षर वाचा, आणि खातं बदलल्याचा मेल आला तर फोन केल्याशिवाय पैसे हलवू नका.

इथे ओपनपीजीपी सरस ठरतं, हे मान्य करायला हवं. समोरच्याने एकदा तुमचा चाळीस अक्षरी ठसा फोनवर तुमच्या आवाजात ऐकून ताडून घेतला, की मधल्या कुठल्या संस्थेवर भरवसा ठेवायची गरज उरत नाही. चार-पाच जणच आपसात मेल करत असतील, एकमेकांना ओळखत असतील आणि सगळ्यांनी थंडरबर्ड बसवायची तयारी असेल, तर मीही तेच सुचवेन. अँड्रॉइड फोनवरून सही करायची असेल, तरी ओपनकीचेन या ॲपच्या मदतीने ते त्यातल्या त्यात सोपं आहे. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून काम करणाऱ्याला फुकट खात्यात दोन्हीही थेट मिळत नाहीत. त्याने आधी थंडरबर्डसारख्या प्रोग्रामकडे यावं.

पण तुमचं गिऱ्हाईक दरवर्षी बदलत असेल, त्यातले निम्मे तुम्ही कधी पाहिलेलेही नसतील आणि तुमच्यासाठी नवं सॉफ्टवेअर बसवायला कोणी मोकळं नसेल, तर माझा कौल एस-माइमला. घेताना मुदत पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमाराला संपेल असं बघून घ्या. मार्च-एप्रिलात ती संपली, तर पेट्या भरायच्या सोडून सर्टिफिकेटच्या मागे लागावं लागतं, आणि तोवर बिनसहीचे इन्व्हॉइस जात राहतात. सर्टिफिकेट आणि किल्ली असलेल्या 'पी१२' फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून, पासवर्ड वेगळ्या ठिकाणी लिहून, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवा. ओपनपीजीपीच घ्यायचं ठरवलंत, तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सार्वजनिक किल्ली दर मेलला जोडण्याचा पर्याय तेवढा बंद करा, म्हणजे निदान दोनाऐवजी एकाच फाइलबद्दल फोन येतील.